‘सैरंध्री’ (1920) पुन्हा मांडताना: ठाण्यातल्या कामाच्या नोंदी

8 जून
आधी काम काय आहे ते लिहितो. बाबूराव पेंटर यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट 1920 साली आला. निर्मिती कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची, आधार कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकाचा. सैरंध्री म्हणजे अज्ञातवासात विराटाच्या घरी दासी झालेली द्रौपदी, आणि कीचक म्हणजे तिच्यावर डोळा ठेवणारा विराटाचा मेहुणा. आज हा चित्रपट बघायला मिळत नाही. हाताशी आहे ते नाटक, महाभारतातलं विराटपर्व, कलावंतांची नावं आणि त्या काळातल्या लोकांनी सांगून ठेवलेल्या गोष्टी. एवढ्यावरून वीस-बावीस मिनिटांचा एक खेळ उभा करायचा: पडद्यावर सावल्यांची चित्रं, मधे मजकुराची कार्डं आणि समोर बसून पेटी-तबला. प्रेक्षक म्हणजे नौपाड्यातला आमचा वाचनगट आणि सोसायटीतली मंडळी.

नोंदी ठेवतोय त्या पुढे कुणी दुसरा मूकपट हाती घेईल त्याच्यासाठी. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले आणि त्यातले पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून तीसच्या आसपास उरले. म्हणजे कामाला तोटा नाही.

15 जून
चित्र काढायला घेण्याआधी वही घेतली आणि प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे पक्कं, उजवीकडे आमची कल्पना. एकही गोष्ट दोन्हीकडे नाही.

डावीकडे आज इतकं आलं. नाटक 1907 चं. व्हाइसरॉय कर्झन 1905 मध्ये परत गेला होता आणि बंगालची फाळणी त्याच वर्षीची. लोकांनी कीचकात कर्झन पाहिला, द्रौपदीत देश पाहिला. कंकभट झालेला युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि बल्लव झालेला भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. 1910 मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. 1920 मध्ये चित्रपट आला. पुण्यात आर्यन थिएटरात लागला. टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं ते याच चित्रपटामुळे. खाडिलकर ‘केसरी’त टिळकांचे सहकारी होते हे लक्षात घेतलं तर हे वर्तुळ किती लहान होतं ते कळतं. टिळक त्याच वर्षी 1 ऑगस्टला गेले.

कलावंत: बाळासाहेब यादव, झुंझारराव पवार, कमलादेवी. कमलादेवींचं मूळ नाव गुलाबबाई. ही बाब मला फार मोलाची वाटते. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती पुरुषाने केली होती, रंगभूमीवर तर बायकांची कामं पुरुषच करत. इथे सैरंध्री एका बाईने केली. ती आणि तिच्याबरोबरची दुसरी अभिनेत्री या दोघींना त्यासाठी समाजाने वाळीत टाकलं आणि कंपनीच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. खेळात हे एक स्वतंत्र कार्ड असणार. त्यावर चित्र नको, नुसता मजकूर.

22 जून
हक्कांचं बघून घेतलं, कारण गटातल्या एका वहिनींना हीच काळजी होती. खाडिलकर 1948 मध्ये वारले. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं धरली तर 2009 पासून नाटक सगळ्यांचं आहे. राजा रविवर्म्यांचं कीचक-सैरंध्रीचं चित्र 1890 चं, तेही मोकळं. ज्या कायद्याखाली नाटकं बंद करत तो 1876 चा नाट्यप्रयोगांचा कायदा 2018 मध्ये रद्द झाला, तेव्हा त्याही बाजूने कुणी काही म्हणायला नको. जुने फोटो मात्र पुस्तकांतून मोबाइलवर टिपून वापरायचे नाहीत असं ठरवलं. मूळ फोटो जुना असला तरी पुस्तक कुणाचं तरी असतं, आणि पुन्हा छापलेल्या फोटोचं ओळखपत्र आपल्याकडे नसतं.

नाटक ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून वाचलं. वाचताना दोन रंगांच्या पेन्सिली. जे न बोलता दाखवता येईल त्याला निळी, जे फक्त बोलण्यातच आहे त्याला लाल. (पेन्सिली झेरॉक्सवर चालवा, ग्रंथालयाच्या प्रतीवर नव्हे.) वाचून झाल्यावर पानं लालच लाल दिसत होती. गद्य नाटक आहे, पदं नाहीत, सगळा जोर युक्तिवादावर. सरकारला डाचलं तेही त्यातलं बोलणं. आणि त्याच गोष्टीला बाबूरावांनी अशा माध्यमात आणलं जिथे बोलताच येत नाही. या कामाचा कणा हाच आहे. हरवलेल्या चौकटी आपण परत आणू शकत नाही, पण बोलकं नाटक मुकं करताना काय करावं लागतं, ते स्वतः करून पाहता येतं.

29 जून
पद्धत ठरली: काळ्या पुठ्ठ्याच्या कापलेल्या आकृत्या, मागून उजेड, मोबाइलवर एकेक फोटो घेऊन हालचाल. नट घेऊन शूटिंग करावं असं दोघांचं म्हणणं होतं. ते नाकारण्याचं कारण खर्च नव्हे. चेहरा दिसला की प्रेक्षक त्या चेहऱ्यालाच कमलादेवी समजतो. सावलीला चेहरा नसतो.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं) आणि चामड्याच्या बाहुल्या आमच्यातल्या काहींनी पाहिल्या होत्या. त्यांची शैली उचलायची नाही, कारण बाबूरावांचं वळण वास्तवाचं होतं. ते आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. पण चित्रपट करायला लागल्यावर बाबूरावांनीच रंगवलेले पडदे सोडून घडीव, खोली असलेलं नेपथ्य आणलं. म्हणून आमच्या विराटाच्या राजवाड्यालाही तीन थर: पुढे खांब, मधे माणसं, मागे कमान. थरांमध्ये दोन-दोन इंच अंतर.

6 जुलै
उजेडाच्या पाटीवर ट्रेसिंग पेपर लावला होता. जुलैच्या हवेत तो टिकत नाही. सकाळी ताणून चिकटवलेला कागद संध्याकाळी लाटा आल्यासारखा फुगतो आणि प्रत्येक फोटोत भिंत हलते. दुहेरी लावला, कडांना चिकटपट्टी लावली, पंखा बंद ठेवला. काही उपयोग नाही. बटर पेपर तर त्याहून वाईट, त्याला तेलकट डाग दिसतात.

शेवटी जांभळी नाक्याच्या बाजूला चौकशी करत करत दुधी रंगाची 3 मिलिमीटर जाडीची अ‍ॅक्रिलिक शीट घेतली, दोन फूट बाय तीन फूट. 1,400 रुपये. महाग वाटलं, पण पहिल्या दिवशीच घ्यायला हवी अशी वस्तू आहे. पावसाळ्यात कुणी हे काम करणार असेल तर कागदाच्या वाटेला जाऊच नये. काळा पुठ्ठाही वाकतो. आकृत्या कापल्या की रात्री जाड पुस्तकांखाली दाबून ठेवायच्या.

9 जुलै
चित्रात आडवे पट्टे येत होते आणि उजेड धडधडत होता. दोन वेगळी कारणं निघाली.

पट्टे विजेच्या दिव्यामुळे. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. मोबाइलवर सगळं हाताने ठरवता येईल असं कॅमेऱ्याचं ॲप घेतलं आणि शटर 1/10 सेकंदावर ठेवलं. आकृती स्थिरच असते, त्यामुळे एवढं संथ शटर चालतं आणि पट्टे जातात. फोकस, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) आणि रंगाचं संतुलन तिन्ही कुलूपबंद करायचं, नाहीतर मोबाइल दर फोटोला स्वतःचं डोकं चालवतो.

धडधडण्याचं कारण आम्ही स्वतः. भाचा पांढरा शर्ट घालून टेबलाशी उभा होता. तो जवळ आला की उजेड वाढे, मागे सरकला की कमी होई. काळे कपडे, खिडकीला जाड चादर आणि फोटो घेताना प्रत्येकाने ठरलेल्या जागीच उभं राहायचं. एवढ्याने निभावलं.

13 जुलै
वेगाचा प्रश्न. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत, वेग सेकंदाला सोळा चौकटींच्या आसपास. म्हणून सोळाचा हिशेब धरून जुळणी केली आणि तयार फीत बाहेर काढताना (एक्सपोर्ट करताना) संगणकाने ती चोवीसची केली. सोळाचे चोवीस करताना एक चौकट दोनदा, पुढची एकदा, असं होतं. भीम लंगडत चालल्यासारखा दिसायला लागला.

उपाय सोपा आहे. सेकंदाला आठच फोटो घ्यायचे आणि चोवीसच्या जुळणीत प्रत्येक फोटो तीन चौकटी ठेवायचा. आठ त्रिक चोवीस, कुठे उरत नाही. चाल थोडी तुटक दिसते पण एकसारखी तुटक, आणि ती डोळ्याला लगेच सवयीची होते. मिनिटाला 480 फोटो. सोळाने गेलो असतो तर 960 लागले असते. म्हणजे दिसायलाही बरं आणि मेहनतही निम्मी.

सगळा खेळ हलता करायचा नाही हेही आज ठरलं. हलती दृश्यं चार: सैरंध्री मद्याचं पात्र घेऊन कीचकाच्या महालाकडे जाते ते, भर दरबारातली विटंबना, कंकभट आणि बल्लव, आणि शेवट. बाकी स्थिर चित्रं आणि कार्डं.

20 जुलै
कंकभट आणि बल्लव यांचं दृश्य. सगळ्यांत जास्त वेळ याने खाल्ला, आणि माझ्या मते खेळ इथेच उभा राहतो किंवा पडतो.

नाटकात हा वाद आहे. बारा वर्षं वनवास झाला, तेरावं वर्ष अज्ञातवासाचं. ओळख फुटली तर पुन्हा बारा वर्षं वनात. म्हणून धर्मराज थांब म्हणतो. समोर बायकोची अब्रू जातेय म्हणून भीम थांबायला तयार नाही. दोघांचंही बरोबर आहे. 1907 च्या प्रेक्षकाला तर हा वाद घरात, चौकात, वर्तमानपत्रात रोज ऐकू येत होता.

पहिली जुळणी अशी: कार्ड, दोन सावल्या, कार्ड, दोन सावल्या. अकरा कार्डं झाली. गटाला दाखवलं तर सगळे वाचत बसले आणि सावल्यांकडे कुणी पाहिलंच नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अरे, हे तर पुस्तकच वाचतोय आपण.” त्यांचं म्हणणं रास्त होतं.

दुसऱ्या जुळणीत सगळी कार्डं काढून टाकली. हातवारे वाढवले. भीम मूठ आपटतोय, धर्मराज हात वर करतोय. मग वादाचा विषयच कळेना. भाच्याच्या मित्राला वाटलं, हा स्वयंपाक्याला रागावतोय.

जमलं ते असं. भीम विराटाच्या घरी स्वयंपाकी आहे, तर दृश्य मुदपाकखान्यात घेतलं. मागे मोठी चूल. भीम लाकूड चुलीत सारतो, जाळ वाढतो. कंकभट येतो आणि तेच लाकूड ओढून बाहेर काढतो, जाळ उतरतो. भीम पुन्हा सारतो. कंकभट पुन्हा काढतो. हे तीनदा. जाळासाठी लाल-पिवळा जिलेटिन कागद कापून अ‍ॅक्रिलिकच्या मागे सरकवला, दर दोन फोटोंनी थोडा वरखाली. तिसऱ्या वेळी कंकभटाचा हात लाकडाकडे जातो आणि दारात सैरंध्रीची सावली येते. हात तिथेच थांबतो. लाकूड चुलीतच राहतं.

कार्डं फक्त दोन, मजकूर आमचा:

“वर्ष संपू दे, बल्लवा. ओळख फुटली तर पुन्हा बारा वर्षं.”

“तोवर तिने कुणाकडे बघायचं?”

काकूंना पुन्हा बोलावलं. दृश्य संपल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं “पुन्हा लाव” म्हणाल्या. हे चुलीचं दृश्य नाटकात नाही आणि चित्रपटात होतं असं म्हणायला कसलाही आधार नाही. वहीत ते उजव्या रकान्यात, ठळक अक्षरात.

27 जुलै
कार्डांची अक्षरं. संगणकावरचे फाँट गुळगुळीत दिसतात, 1920 शी त्यांचं जमत नाही. काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या पोस्टर कलरने हाताने लिहायचं ठरलं. रंग जाड लागला की वाळल्यावर तडकतो, पातळ केला की शिरोरेघेवर काळं दिसतं. पातळ रंगाचे दोन हात, मधे पूर्ण वाळू द्यायचं. पावसात त्याला अर्धा दिवस जातो. शिरोरेघ पट्टीने मारली की अक्षरं निर्जीव होतात, म्हणून पेन्सिलीची पुसट रेघ आणि वर मोकळ्या हाताने ब्रश.

कार्ड पडद्यावर किती वेळ ठेवायचं यावर बराच खल झाला. तरुण मुलांना चार सेकंद पुरतात. पण मूकपटाच्या काळी वाचता येणारा माणूस शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवे, आणि आमच्या सोसायटीतले आजोबाही तसंच वाचतात, ओठ हलवत. म्हणून नियम केला: सावकाश, मोठ्याने, दोनदा वाचून होईल इतका वेळ. दहा शब्दांच्या कार्डाला सुमारे दहा सेकंद. संगणकासमोर एकट्याने बघताना हे अति वाटतं. हॉलमध्ये अति वाटत नाही.

3 ऑगस्ट
गटातल्या एका मुलाने एआयवर ‘सैरंध्री’ची दहा सेकंदांची चित्रफीत करून आणली. करडा रंग, ओरखडे, थरथर, नऊवारीतली बाई मागे वळून बघतेय. त्याने मनापासून केलं होतं आणि दिसायला ते आमच्या सगळ्या कामापेक्षा सरस होतं. तोच धोका आहे. ही फीत उद्या कुणाच्या तरी मोबाइलवरून ‘1920 चा दुर्मीळ तुकडा’ म्हणून फिरेल आणि ती खोटी आहे हे सांगायला आपण प्रत्येक ठिकाणी नसणार.

त्याला बसवून समजावलं. त्या काळची नायट्रेटची फिल्म आपोआप सडते, पेट घेते. जुन्या फिल्ममधली चांदी काढून विकली गेली. पुण्यात 2003 च्या आगीत नायट्रेटच्या फिल्म जळाल्या. एवढ्यातून जे वाचलं ते सांभाळायला लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. पी. के. नायर यांनी 1965 पासून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी डबा डबा शोधून आणला. उद्या खरंच ‘सैरंध्री’चे चार फूट कुठे सापडले, तर ते ओळखण्याआधी लोकांनी अशा दहा खोट्या फिती पाहिलेल्या असतील. मुलगा गप्प ऐकत होता. मग त्यानेच विचारलं, “दादा, मग आपली चित्रंसुद्धा कुणी खरी समजलं तर?” त्या प्रश्नावर पुढचा आठवडा गेला, आणि ते योग्यच झालं.

10 ऑगस्ट
पक्कं काय आणि कल्पना काय, हे पडद्यावर एका नजरेत कळलं पाहिजे. पहिला उपाय रंगाचा केला: पक्क्या माहितीला निळसर छटा, कल्पनेला तपकिरी. चालला नाही, कारण मूकपटांत रात्रीच्या दृश्याला निळी छटा देतच असत. ज्येष्ठ मंडळींनी निळं म्हणजे रात्र असंच धरलं.

आता किनारीवर आलो आहोत. पक्क्या माहितीच्या कार्डाला सरळ पांढरी चौकट. आमच्या प्रत्येक चित्राला फाटक्या कागदाची कड, आणि खाली डाव्या कोपऱ्यात शेवटपर्यंत ‘कल्पनाचित्र, ठाणे’ ही अक्षरं. कड हातानेच फाडली, दर दृश्याला वेगळी. कोपऱ्यातली अक्षरं चित्रातच भाजलेली आहेत, म्हणजे कुणी तुकडा कापून पुढे पाठवला तरी ती बरोबर जातील. दृश्याच्या सौंदर्याला त्याने थोडा धक्का बसतो. बसू दे.

तो मुलगा आता कडा फाडण्याचं आणि अक्षरं बसवण्याचं काम बघतो. त्याच्याइतक्या बारकाईने ते दुसरं कुणी करत नाही.

17 ऑगस्ट
संगीत. पेटीवाले काका संगीत नाटकांवर वाढलेले. त्यांनी पहिल्या बैठकीत नाट्यपदांच्या चाली लावल्या. प्रेक्षक गुणगुणायला लागतात आणि चित्र बाजूला राहतं. शिवाय मूळ नाटक गद्य, त्याला कुठलंच पद चिकटलेलं नाही. काकांना तसं सांगितल्यावर ते म्हणाले, “बरं झालं. मग मला गाणं नको, सूर दे.” कंकभटाच्या वेळी नुसता षड्ज धरून ठेवतात, जाळ वाढला की भाता जोरात. तबलेवाल्याला सैरंध्रीच्या चालण्यावर ठेका धरायला सांगितला होता. तिचं पाऊल आठ फोटोंचं, म्हणजे एका सेकंदाचं. ते त्याला मोजून दिल्यावर बसलं.

24 ऑगस्ट
वधाचं दृश्य. चित्रपटातला कीचकाचा वध इतका भयंकर उतरला होता की बघणारे हादरले आणि ते दृश्य नंतर काढून टाकावं लागलं. म्हणजे ‘सैरंध्री’ हरवण्याआधीच तिच्यातला एक तुकडा हरवला होता. नाटकावर बंदी आली ती शब्दांसाठी, चित्रपटाला कात्री लागली ती दृश्यासाठी.

विराटपर्वात भीम अंधारात सैरंध्रीच्या जागी पडून राहतो, कीचक येतो, झुंज होते आणि शेवटी त्याचे हातपाय धडात घुसवलेला गोळा उरतो. सावल्यांनी हे करून पाहिलं. पुठ्ठ्याच्या आकृत्या एकमेकींवर आल्या की नुसता काळा ठिपका होतो. मुलं हसली. या जागी हसू येणं मला चालणार नव्हतं.

मग वध दाखवायचाच नाही असं ठरलं. कीचक समई घेऊन आत येतो. समई खाली ठेवतो. पलंगावरची आकृती उठून बसते, आणि तिचे खांदे सैरंध्रीचे नाहीत हे त्या क्षणी कळतं. फुंकर, समई जाते. इथून पडदा पूर्ण काळा, नुसता तबला, वीस सेकंद. मग सरळ पांढऱ्या चौकटीतलं कार्ड: ‘वधाचं दृश्य काढून टाकण्यात आलं.’ दृश्य काढलं गेलं ही पक्की माहिती, म्हणून चौकट सरळ.

उठून बसण्याचा एकच क्षण हवा तसा यायला सगळी दुपार गेली. भीमाचे खांदे रुंद ठेवले तर तो आधीच ओळखू येतो, अरुंद ठेवले तर उठल्यावरही पटत नाही. अखेर पदर म्हणून पातळ जाळीचं कापड आकृतीवर ठेवलं आणि दर फोटोला थोडं थोडं खाली ओढलं. जाळीतून खांदा आधी पुसट, मग गडद. सांधे दोऱ्याच्या गाठीचे आहेत. खांद्याची गाठ सैल झाली की हात लोंबतो, म्हणून दर वीसेक फोटोंनी तपासायची.

31 ऑगस्ट
गणपती असल्यामुळे हॉल मंडळाकडे. काम बंद. खर्च लिहून घेतला: अ‍ॅक्रिलिक 1,400, दिवे 1,150, पुठ्ठा-रंग-पाती 900, वाया गेलेला कागद 260, प्रोजेक्टरचं दोन दिवसांचं भाडं 5,000, हॉलची सफाई आणि चहा 1,800, झेरॉक्स 340. एकूण 10,850. वादकांनी मानधन घेतलं नाही, ते धरलेलं नाही. कुणी हिशेब करताना ते धरावं.

14 सप्टेंबर
हॉलमध्ये चाचणी. घरच्या पडद्यावर काळीभोर दिसणारी सावली हॉलच्या भिंतीवर राखाडी झाली. पॅसेजचा दिवा दाराच्या फटीतून येत होता आणि भिंत पिवळट आहे. दाराला घोंगडी लावली, भिंतीवर पांढरी चादर कडक ताणली. कोपऱ्यातली ‘कल्पनाचित्र’ अक्षरं शेवटच्या रांगेतून वाचता येईनात, ती दीडपट मोठी केली आणि सगळी दृश्यं पुन्हा बाहेर काढली. रात्रभर संगणक चालू. मधे एकदा वीज गेली आणि तेवढं काम पुन्हा करावं लागलं. लांब फीत एकसंध काढू नये, दृश्यवार काढावी.

21 सप्टेंबर
खेळ झाला. हॉल भरला होता, मागे लोक उभे. आजोबा मंडळी कार्डं मोठ्याने वाचत होती आणि तिसऱ्या-चौथ्या कार्डापासून अख्खा हॉल त्यांच्याबरोबर वाचायला लागला. त्यासाठीच तो वेळ ठेवला होता. “तोवर तिने कुणाकडे बघायचं?” हे कार्ड वाचताना बायकांचे आवाज वरचढ होते.

काळ्या पडद्यावर वीस सेकंद जास्त होतात. लोकांना वाटलं पुन्हा वीज गेली, दोघांनी मोबाइलचे टॉर्च लावले. बारा पुरतील. कमलादेवींच्या कार्डावर कुणी काही बोललं नाही, पण नंतर सर्वांत जास्त विचारणा त्याबद्दल झाली. दुसऱ्या अभिनेत्रीचं पुढे काय झालं, असं एका बाईंनी विचारलं. त्यांना वहीचं ते पान दाखवलं. डाव्या रकान्यात जेवढं आहे तेवढंच सांगितलं.

28 सप्टेंबर
वाशीच्या एका शाळेने खेळ मागितला आहे. तिथे जाण्याआधी काळा पडदा बारा सेकंदांवर आणायचा, कमलादेवींचं कार्ड पाच सेकंदांनी वाढवायचं आणि भीमाचा उजवा खांदा नव्याने कापायचा, गाठीचं भोक फाटलं आहे. शाळेच्या हॉलला पडदे नाहीत असं कळलंय, तेव्हा खेळ संध्याकाळी सातनंतरच.

आकृत्यांचे नमुने, कार्डांचा मजकूर आणि फोटोंच्या वेळा ज्यांना हव्यात त्यांना देऊ. वहीच्या प्रती काढताना दोन्ही रकाने एकाच पानावर येतील असंच झेरॉक्सवाल्याला सांगितलं आहे, वेगळे छापायचे नाहीत.